शिवोलीच्या घरात तयार झालेली कॅसेट आणि आपण पेडणे-डिचोलीकर

आपल्या मंडळातल्या बहुतेकांना रेमो फर्नांडिस हे नाव ठाऊक झाले ते १९९५ सालच्या 'बॉम्बे' चित्रपटातल्या 'हम्मा हम्मा' या हिंदी गाण्यामुळे. काहींना १९८७ चा 'जलवा' आठवत असेल. पण त्याच्याही आधी, १९८४ साली, या माणसाने शिवोलीच्या आपल्या घरात बसून एक अख्खा अल्बम एकट्याने तयार केला आणि तो स्वतः दुकानोदुकानी नेऊन विकला. त्याचे नाव 'गोवन क्रेझी!'. आज ज्याला तरुण मंडळी 'इंडी' संगीत म्हणतात, त्याचे आपल्या भागातले हे ठळक आणि फार लवकरचे उदाहरण.

शिवोली आणि आपला पेडणे तालुका यांच्यामध्ये फक्त एक नदी आहे. तरीही ज्या काळात हा अल्बम निघाला, त्या काळात आपल्याकडच्या मराठी घरांत तो फारसा वाजला नाही. असे का झाले, तो अल्बम नेमका कसा बनला आणि त्याचे मूल्यमापन कोणी कसे केले, हे या लेखात सांगायचा आमचा विचार आहे. आम्ही संगीताचे जाणकार नाही. वाणिज्य शाखेचे पदवीधर, आयुष्य बँकेत गेले. त्यामुळे हिशेबाची भाषा मध्येमध्ये डोकावेल, ती वाचकांनी चालवून घ्यावी.

रोजची फेरीबोट

आमचे घर मांद्रे भागातले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही बँकेत कारकून म्हणून लागलो आणि नेमणूक म्हापशाला झाली. तेव्हा शापोरा नदीवर चोपडे-शिवोली पूल नव्हता. सकाळी बस धरून चोपडे, तिथून फेरीबोटीने पलीकडे शिवोली, आणि शिवोलीहून दुसरी बस धरून म्हापसा. संध्याकाळी हाच प्रवास उलट. पावसाळ्यात नदीला ओढ असली की फेरीबोट खोळंबायची आणि धक्क्यावर गप्पांचा फड जमायचा.

म्हणजे ज्या गावात हा अल्बम तयार होत होता, त्या गावातून आम्ही रोज दोनदा जात होतो. त्याचा आम्हाला पत्ता नव्हता. पुढे कानावर आले तेव्हाही त्याचे काही वाटले नाही. शिवोलीतला कोणी एक जण इंग्रजी गाणी करतो आणि पिवळ्या स्कूटरवरून कॅसेट विकत फिरतो, एवढेच. आमच्या लेखी ती 'त्यांची' गाणी होती.

कोण हे रेमो

रेमो फर्नांडिस यांचा जन्म ८ मे १९५३ चा, पणजीतला. मूळ घर शिवोलीचे. शाळेत असतानाच त्यांनी मित्रांबरोबर बँड काढला. पुढे मुंबईला वास्तुशास्त्राची पदवी घेतली आणि तिथल्या बँडमध्येही वाजवले. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस ते युरोप आणि उत्तर आफ्रिकेत वाटेत मिळेल त्या वाहनाने फिरले, रस्त्यावर गायले, निरनिराळ्या वादकांबरोबर वाजवले आणि परत गोव्यात आले. गिटार आणि बासरी ही त्यांची ओळखीची वाद्ये. घरी परतल्यावर त्यांनी स्वतःची गाणी लिहायला घेतली. ती बहुतेक इंग्रजीत होती, पण विषय गोव्यातले.

आज हे साधे वाटेल. त्या काळी ते तसे नव्हते. आपल्या देशातले बहुतेक इंग्रजी गाणारे बँड तेव्हा परदेशी गाण्यांच्या हुबेहूब नकला करीत. ऐकणाऱ्यांनाही तेच हवे असे. भारतातल्या माणसाने स्वतः इंग्रजी गाणे लिहावे, त्यात आपल्या गावातले रस्ते, पुढारी आणि टेलिफोन यावेत, ही कल्पना विकणाऱ्यांना पटत नव्हती. मुंबईच्या मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांकडून त्यांना नकार मिळाला. हे या अल्बमचे पहिले 'समीक्षण' म्हणायचे. गाणी चांगली की वाईट हा प्रश्न त्यात नव्हताच. असल्या मालाला गिऱ्हाईक नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चार ट्रॅकवर काम कसे चालते

कंपनी नाही म्हणजे स्टुडिओ नाही. मग त्यांनी घरातच 'पोर्टास्टुडिओ' प्रकारच्या चार-ट्रॅक कॅसेट यंत्रावर काम केले. हे यंत्र समजून घेतले, तर या अल्बमची खरी किंमत कळते.

आपल्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमध्ये जी अरुंद फीत असते, तिच्यावर ध्वनीचे चार पट्टे मावतात. दोन पट्टे एका बाजूचे, डावा आणि उजवा. कॅसेट उलटली की उरलेले दोन. पोर्टास्टुडिओत कॅसेट उलटायची नाही. चारही पट्टे एकाच दिशेने वापरायचे आणि प्रत्येकावर वेगळा आवाज भरायचा. पहिल्या पट्ट्यावर ठेका, तो ऐकत दुसऱ्यावर गिटार, ते दोन्ही ऐकत तिसऱ्यावर बासरी, चौथ्यावर गळा. अशा रीतीने एकच माणूस चार माणसांचा बँड होतो. टीॲक या जपानी कंपनीने अशा जातीचे पहिले यंत्र १९७९ साली बाजारात आणले. त्यात आवाज जरा स्वच्छ यावा म्हणून फीत दुप्पट वेगाने फिरे. त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटांचे काम मावे.

चार पट्टे पुरले नाहीत तर? तर तीन पट्ट्यांवरचे आवाज एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, आणि मोकळ्या झालेल्या तिन्हींवर पुन्हा नवे आवाज भरायचे. पण एकदा एकत्र केलेले आवाज परत सुटे होत नाहीत. ठेका मोठा झाला आणि गिटार दबली, तर ती तशीच राहणार. शिवाय प्रत्येक उतरवणीत फितीची सरसर वाढत जाते. बँकेतल्या मंडळींनी शाईने लिहिलेले लेजर आठवावे. खोडाखोड चालत नाही, म्हणून लिहिण्यापूर्वी बेरीज डोक्यात पक्की करावी लागते. घरी चार पट्ट्यांवर अल्बम करणाऱ्यालाही पुढच्या सहा पायऱ्या आधीच मनात ऐकाव्या लागतात.

हे काही कमअस्सल तंत्र नव्हे. बीटल्सचा १९६७ चा 'सार्जंट पेपर' लंडनच्या मोठ्या स्टुडिओत तयार झाला, तोही चार-ट्रॅक यंत्रांवरच. अर्थात तिथली फीत चांगली रुंद होती आणि हाताशी निष्णात तंत्रज्ञ होते. अमेरिकेचे ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ साली 'नेब्रास्का' हा अल्बम आपल्या घरी अशाच पोर्टास्टुडिओवर केला. पुढे मोठ्या बँडबरोबर तीच गाणी पुन्हा मुद्रित करून पाहिली, पण ती जमेनात. शेवटी घरची कॅसेटच प्रसिद्ध झाली आणि समीक्षकांनी तिचे मोठे कौतुक केले. फरक एवढाच की स्प्रिंगस्टीन यांच्यामागे बलाढ्य कंपनी उभी होती. शिवोलीत तसे कोणी नव्हते.

गाणी लिहिली, चाली दिल्या, सगळी वाद्ये वाजवली, सगळे आवाज गायले, मुद्रण केले, वेष्टनाचे चित्रही काढले, हे सर्व रेमो यांनी एकट्याने केले. नावातच कोटी होती. इंग्रजीत 'वेड लागत चालले आहे' असे म्हणताना जो शब्द येतो, त्याच्या जागी त्यांनी 'गोवन' घातला.

स्कूटरचा हिशेब

आता आमच्या धंद्याची बाजू. समजा १९८४ साली असा कोणी तरुण आमच्या काउंटरवर कर्ज मागायला आला असता, तर? तो काही आमच्याकडे आला नव्हता, पण आम्ही हा प्रश्न स्वतःला अनेकदा विचारला आहे. तारण काय, तर एक यंत्र आणि काही गाणी. बाजारपेठेचा पुरावा काय, तर कंपन्यांचे नकार. आम्ही अर्ज साहेबांच्या टेबलापर्यंतही नेला नसता.

कॅसेटच्या धंद्यात खर्च सगळा आधी होतो. मूळ ध्वनिमुद्रण, प्रती काढणे, वेष्टनाची छपाई. पैसे मात्र शेवटी येतात, आणि तेही थेंबाथेंबाने. नव्या माणसाचा माल दुकानदार सहसा रोखीने घेत नाही. 'चार ठेवून जा, विकल्या तर पैसे देतो,' अशी पद्धत. म्हणजे प्रत्येक दुकानात पुन्हा जायचे, किती विकल्या ते मोजायचे, पैसे घ्यायचे, नवा माल ठेवायचा. ज्यांनी दैनिक ठेवीची पिग्मी गोळा केली आहे, त्यांना हे पायपिटीचे काम ठाऊक आहे. रेमो यांनी ते आपल्या पिवळ्या स्कूटरवरून केले.

आणि माल खपला. १९८५ साली 'ओल्ड गोवन गोल्ड' आला, त्यात गोव्याची जुनी पारंपरिक गाणी होती. १९८६ साली 'पॅक दॅट स्मॅक', १९८७ साली 'बॉम्बे सिटी!'. वर्षाला एक अल्बम, हे आमच्या भाषेत चालू खाते. पहिल्यातून दुसऱ्याची सोय झाल्याशिवाय असे चालत नाही.

या साऱ्याला त्या काळाचा आधारही होता. ग्रामोफोनची तबकडी काढायला कारखाना लागे, त्यामुळे तो धंदा मोजक्या कंपन्यांच्या हाती होता. कॅसेट आल्यावर प्रती काढणे स्वस्त झाले. घराघरांत टू-इन-वन आले. भजनीबुवा, कीर्तनकार, तियात्रकार, सगळ्यांच्या कॅसेट निघू लागल्या. अमेरिकी अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली उत्तर भारतातल्या कॅसेट संस्कृतीवर एक पुस्तक लिहिले. कॅसेटमुळे लहान लहान प्रदेशांच्या संगीताला स्वतःचा बाजार मिळाला, हे त्यात त्यांनी दाखवले आहे. गोव्यात तेच घडत होते.

कोणी काय म्हटले

अल्बमचे समीक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्रातला स्तंभ येतो. पण अशा कॅसेटचा निकाल निरनिराळ्या ठिकाणी लागत असतो.

पहिला निकाल कंपन्यांचा, तो वर सांगितला.

दुसरा गोव्यातल्या श्रोत्यांचा. त्यांना गाण्यात स्वतःचे रोजचे जगणे सापडले. 'गोवन क्रेझी!'मध्ये टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहॅम बेलना उद्देशून केलेले एक विनोदी गाणे आहे. त्या काळी आमच्या शाखेत सकाळी ट्रंक कॉल नोंदवायचा आणि दुपारपर्यंत वाट पाहायची, तोवर चेक पास करायचा की नाही हे लटकून राहायचे. हे ज्याने अनुभवले आहे त्याला ते गाणे समजावून सांगावे लागत नाही.

तिसरा निकाल चित्रपटवाल्यांचा. श्याम बेनेगल यांनी १९८५ च्या 'त्रिकाल'मध्ये त्यांना घेतले. १९८७ साली 'जलवा'चे शीर्षकगीत त्यांच्या आवाजात देशभर गाजले. जो आवाज विकला जाणार नाही असे सांगितले गेले होते, तो तीन वर्षांत हिंदी चित्रपटात वाजू लागला.

चौथा राजकारण्यांचा. पंतप्रधान राजीव गांधी यांना उद्देशून गोव्याच्या प्रश्नांवर त्यांनी एक गाणे लिहिले आणि प्रत्यक्ष त्यांच्यासमोर गायले. इथल्या काही जणांना तो उद्धटपणा वाटला. पंतप्रधानांनी मात्र गाणे आवडल्याचे कळवले.

पाचवा सरकारी. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि सहावा निकाल आमचा, म्हणजे पेडणे-डिचोलीतल्या मराठी घरांचा. तो आम्ही कॅसेट न ऐकताच दिला होता.

आपण का ऐकले नाही

याचे एक कारण सरळ आहे. आपले कान दुसऱ्या सुरांवर वाढले. पेडण्यात दशावतार, देवळातली भजने, जत्रेतली संगीत नाटके. मूळच्या मालपे गावच्या घराण्यातल्या अंजनीबाई मालपेकर यांना १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. डिचोली-साखळीकडे घरोघरी पेटी आणि तबला. आमचे एक सहकारी साखळीचे. ते दर गुरुवारी भजनाला पेटी वाजवीत आणि जितेंद्र अभिषेकींच्या कॅसेटची पारायणे करीत. अशा माणसांना इलेक्ट्रिक गिटारचे वावडे असणे नवल नव्हे.

पण आता विचार केला की हे कारण तितकेसे टिकत नाही. पेटी हे वाद्य तरी कुठले? ते युरोपातून आले. बालगंधर्वांच्या नाटकांत साथीला ऑर्गन असे, तोही परदेशी. शंकर-जयकिशन यांच्या ज्या गाण्यांवर आम्ही जीव टाकला, त्यांचे वाद्यवृंद सेबॅस्टियन डिसोझा या गोमंतकीयाने बांधलेले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे, आणि 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यातले नाव त्यांचेच. ते सूर आम्हाला परके वाटले नाहीत, कारण पडद्यावर ते हिंदीतून आले. तेच सूर शेजारच्या गावातून, शेजाऱ्याच्या नावाने आले, तेव्हा मात्र परके ठरले.

खरे कारण तेव्हाचे वातावरण होते. १९८५ ते १९८७ ही वर्षे गोव्यात राजभाषेच्या वादाची. १९८६ च्या डिसेंबरात रक्त सांडले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा विधानसभेत संमत झाला आणि ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. आपल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत मराठीचा पक्ष भक्कम. आम्हीही त्याच पक्षाचे, आणि मराठीवरचे आमचे प्रेम आजही तसूभर कमी नाही. पण त्या दोन वर्षांत आम्ही प्रत्येक गोष्ट 'आपली' की 'त्यांची' एवढ्याच मापाने मोजू लागलो होतो. शाखेत डबा खायला दोन टेबले झाली होती. रेमो यांची कॅसेट इंग्रजीत, वाद मराठी-कोकणीचा. तरी ख्रिस्ती नाव आणि पलीकडचा काठ एवढ्यावर आम्ही ती 'त्यांच्या' रकान्यात टाकून दिली.

ज्या अभिषेकीबुवांचे नाव घेऊन आम्ही हे करीत होतो, ते स्वतः मंगेशीचे, घरची भाषा कोकणी, आणि उमेदीच्या काळात मुंबई आकाशवाणीच्या कोकणी विभागात काम केलेले. त्यांनीच संगीत दिलेल्या १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'चा विषय तरी काय होता? कला घराण्याच्या कुंपणात कोंडून ठेवायची की नाही, हाच. त्या नाटकाच्या प्रयोगाला आम्ही डोळे पुसले होते.

वसुलीला गेलो तेव्हा

आमचे मत बदलले ते संगीतामुळे नाही. १९८८ च्या सुमाराची गोष्ट. किनाऱ्यावरच्या एका गावातल्या मुलाला बँकेने मोटारसायकलसाठी कर्ज दिले होते. मोटारसायकलवरून उतारू नेणारा पायलट व्हायचे होते त्याला. कागदपत्रांची छाननी आम्हीच केली होती. मुलगा चुणचुणीत, वडील नेमस्त, मराठी शाळेत शिकलेला. पहिले आठ-दहा हप्ते वेळेवर आले. मग तुटक येऊ लागले. मग थांबले.

घरी गेलो. वडील अंगणातच भेटले. मोटारसायकल विकली होती, पैसे संपले होते. मुलगा गर्दच्या नादी लागला होता. तेव्हा आपल्या किनाऱ्यावर हे विष नुकतेच शिरले होते, आणि आपल्या घरांत त्याला काय म्हणतात हेही अनेकांना ठाऊक नव्हते. 'साहेब, हप्त्याचं मी बघतो, पण ह्याचं काय करू?' असे ते म्हणाले. आमच्याकडे उत्तर नव्हते.

आत धाकट्या भावाने टेपरेकॉर्डर लावला होता. आवाज मोठा होता. वडील त्याला रागावले, तेव्हा तो बाहेर आला आणि म्हणाला, 'दादाला ऐकवतोय.' ती 'पॅक दॅट स्मॅक'ची कॅसेट होती. स्मॅक म्हणजेच गर्द. ते सोडून दे, असे बजावणारे हे गाणे. त्या दिवशी आम्ही रेमो यांचे एक गाणे पहिल्यांदा शब्द लावून ऐकले, वसुलीची वही मांडीवर ठेवून.

त्याच सुमारास मराठीत डॉ. अनिल अवचट गर्दवर लिहीत होते. १९८६ साली त्यांनी आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अवचटांचे लेखन आम्ही वाचले होते, शाखेत एकमेकांना दिले होते, डोळ्यांत पाणी आले होते. त्याच वर्षी, त्याच विषयावर, नदीपलीकडच्या माणसाने अल्बम काढला होता. तो आमच्याच किनाऱ्यावरच्या मुलांना समजेल अशा भाषेत आणि त्यांना आवडेल अशा सुरात. तो आम्ही दोन वर्षे ऐकला नव्हता. धाकट्या भावाला जे कळले, ते बँकेतल्या शिकल्यासवरल्या माणसांना कळले नाही.

त्या गाण्याने तो मुलगा सुधारला, असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. तसे झाले नाही. १९९१ साली तो गेला. कर्ज वडिलांनी शेवटच्या पैशापर्यंत फेडले. ते खाते बंद करताना आम्ही सही केली, ती सही करतानाचा दिवस अजून आठवतो.

आमचे समीक्षण

नंतर आम्ही 'गोवन क्रेझी!' मिळवून ऐकला, आणि गेल्या पस्तीस वर्षांत अनेकदा. जाणकार नसलो तरी मत सांगतो.

ध्वनिमुद्रण म्हणून त्यात उणिवा आहेत. मोठ्या स्टुडिओची भरीव खोली नाही. एकच माणूस सगळे वाजवतो तेव्हा दोन वादकांत जी जुगलबंदी होते, जी आपण तबला आणि पेटीत अनुभवतो, ती होत नाही. विनोद कधी कधी शाळकरी वाटतो. आणि इंग्रजीत असल्यामुळे गोव्यातल्याच कितीतरी घरांचे दार त्याने स्वतःच बंद ठेवले, हेही खरे.

पण त्याचे बळ दुसऱ्या ठिकाणी आहे. तो कोणाची नक्कल करीत नाही. आपल्या गावाकडे पाहून, हसत हसत, जे खुपते ते सांगतो. दशावतारातला संकासुर मध्येच पुढे येऊन गावच्या पुढाऱ्याला चिमटा काढतो, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. त्याच जातीचे हे काम आहे. सूर वेगळे, वेष वेगळा.

समीक्षकांची मतेही बदलतात, हे लक्षात ठेवावे. बीटल्स फुटल्यावर पॉल मॅकार्टनी यांनी १९७० साली घरात एकट्याने सगळी वाद्ये वाजवून अल्बम केला, तेव्हा तो कच्चा म्हणून झोडपला गेला. आज तोच घरगुती मुद्रणाचा एक आद्य नमुना मानला जातो. उशिरा झालेली दुरुस्ती ही दुरुस्तीच असते. मात्र अल्बम ऐकून चुकीचे मत देणे आणि न ऐकता मत देणे, यांत फरक आहे. बँकेत आम्ही कागद न वाचता एकही अर्ज फेटाळला नाही. इथे फेटाळला.

आता काय करता येईल

आज पेडण्यात आणि डिचोलीत मुले लॅपटॉपवर घरीच गाणी करतात. चार ट्रॅकची मर्यादा नाही, शंभर ट्रॅक घ्या. कोणी मराठीत गाते, कोणी कोकणीत, कोणी दोन्हींची मिसळ करते. आपल्याही घरांतली नातवंडे त्यांत आहेत. 'हे काय ठणठण लावलंय?' म्हणण्यापूर्वी एक गाणे पूर्ण ऐकावे, आणि शब्द कळले नाहीत तर विचारावेत, एवढी आमची विनंती आहे.

दुसरी विनंती कॅसेटबाबत. त्या काळच्या भजनांच्या, दशावताराच्या, नाटकांच्या आणि अशा घरगुती अल्बमच्या कॅसेट अनेकांच्या माळ्यावर पडून आहेत. आपल्या हवेत त्यांना बुरशी लागते. फितीवर पांढरे डाग दिसले, तर ती वाजवू नये. यंत्राचे डोके खराब होते आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटला लागते. चांगल्या कॅसेट उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून आणि स्पीकरच्या चुंबकापासून दूर. वर्षातून एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवाव्यात. आणि फीत धड आहे तोवर संगणकावर उतरवून घ्याव्यात. त्यासाठी चालू टेपरेकॉर्डर आणि एक साधी तार पुरते, हे काम आम्ही स्वतः शिकलो आहोत. कोणाला हवे असल्यास मंडळाच्या बैठकीत दाखवू.

त्या धाकट्या भावाने आपली कॅसेट पुढे आम्हालाच दिली. घरात ठेववत नाही, म्हणाला. तिच्या दुसऱ्या बाजूला मध्येच फीत थोडी चुरगळली आहे, तेवढ्या जागी आवाज बुडतो आणि परत वर येतो. तीही त्या दिवशी घेऊन येऊ.